अप्पांच्या उजव्या हाताविषयी

तीर्थरूप सिंधु आत्या,

नमस्काराच्या आधी चूक. मागच्या पत्रात काही चुकीचं गेलं असेल तर पुढच्या पत्राची सुरुवात त्यानंच करायची, हे तुम्हीच शिकवलंय. मी लिहिलं होतं की अप्पांचा हात लिंबाखाली पालथा पुरला. तसं नाही. तो उभा पुरलाय, बोटं आभाळाकडे. (मी गर्दीत मागं उभी होते, मला दिसलं नव्हतं. चन्नबसप्पा काकांनी परवा बोलता बोलता सांगितलं.) फरक एवढासा वाटेल, पण सगळं त्याच्यावरच अडलंय. आता साष्टांग नमस्कार. कंधारात थंडी पडली का? गुडघ्यांना एरंडाचं तेल लावता ना? बाटली संपली असेल तर कळवा, आणि संपली नसेल तर का नाही तेही कळवा. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. अव्वाला झोप नाही, कुत्रं लिंबाकडे फिरकत नाही, आणि अप्पा मात्र खरोखर खुशाल आहेत. मला भीती वाटते ती त्याचीच.

गेल्या साली सोयाबीनच्या राशीला मळणी यंत्रानं अप्पांचा उजवा हात घेतला, तेव्हा दवाखान्यानं तो फडक्यात गुंडाळून आपल्याच हवाली केला. आपल्यात जाळत नाहीत, तेव्हा पुरायचा हे ठरलेलंच होतं. पण आपल्यात बसवून पुरतात. पंचाक्षरी स्वामी खड्ड्याशी उभे राहून म्हणाले, "अरे हात कसा बसवू? त्याला मांडी हाय का?" तेवढ्यात तुमचा फोन आला. "माणूस असो की हात, आपल्यात आडवं घालत न्हाईत. बसवा!" तुमच्यापुढं कोण बोलणार? काकांनी कोपर मिठात रोवलं, विभूती लावली आणि हात उभा केला. काका म्हणतात, वर्गातलं पोरगं बाहेर जायची परवानगी मागतं ना, अगदी तसा दिसत होता.

मग दाखल्याची वाट बघणं सुरू झालं. मोठ्या दवाखान्यातल्या बोर्डानं तपासून अपंगत्वाचा दाखला दिला, तरच सरकारचा निराधार योजनेचा पगार सुरू होतो. अप्पांना आता मजुरीला कोणी बोलवत नाही आणि घर अव्वाच्या शिलाई मशिनीवर आहे. पहिल्या तारखेला हाडांचे डॉक्टर रजेवर होते. एवढ्या लांबून आलात तर रिकामं कशाला जाता, म्हणून तिथल्या भल्या माणसांनी अप्पांचे डोळे आणि कान तपासले. दोन्ही उत्तम निघाले. उदगीरपर्यंत अप्पांनी हे एस.टी.तल्या प्रत्येकाला सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "मग हाताचं कसं?" अप्पा म्हणाले, "त्योबी उत्तम हाय. फक्त माझ्यापाशी न्हाई."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण नंतर अप्पा ओट्यावर बसल्या बसल्या म्हणायला लागले, "मोटर चालू झाली. बोटं भिजून राहिलीत." मी शेताकडे धावत जाऊन बघायची. लिंबाखाली पाणी आलेलं असायचं. एकदा म्हणाले, "मुंग्या चावून राहिल्या गं." मी गेले, तर वारूळ. (डॉक्टर लोक सांगतात की तुटलेल्या अवयवाच्या जागी असे भास होतात. मी ते खरं मानते. फक्त भासाला वारूळ कुठून कळलं, एवढं त्यांनी सांगितलं नाही.)

दुसऱ्या तारखेला कॉम्प्युटरवरच्या बाईंनी ओळख पटवायला अंगठा मागितला. अप्पांनी डावा लावला. मशीन घेईना. बाई म्हणाल्या, "उजवा लावा की काका. उजवा चालू दाखवतंय. कालच राशन उचललंय तुम्ही." अप्पांनी शर्टाची रिकामी बाही उचलून टेबलावर ठेवली. बाईंनी बाहीकडं बघितलं, मशिनीकडं बघितलं, परत बाहीकडं बघितलं. "मग उचललं कोणी?"

"त्यानंच," अप्पा म्हणाले. आत्या, मी दहावीला पास झाले तेव्हाही त्यांचा चेहरा असा फुलला नव्हता.

पुढं डॉक्टरांसमोर. डॉक्टर तरुण, थकलेले, खाली मान घालून लिहीत होते. सवयीनं हात पुढं करून म्हणाले, "उजव्या हातानं माझं मनगट दाबा." मी सांगायला तोंड उघडलं, पण अप्पांना सांगितलेलं काम करायची खोड. त्यांनी डोळे मिटले आणि दंडाला जोर दिला. डॉक्टर "आई गं!" म्हणून उठलेच आणि मनगट चोळायला लागले. (टेबलाची कड लागली असेल. मला तसंच लिहायचंय. पण टेबल पलीकडे होतं.) मग ते हळू आवाजात म्हणाले, "हात नाही हे मला दिसतंय. पण मशिनीत तो चालू असताना मी दाखला कसा देऊ? आधी तो बंद करून आणा." पुढची तारीख चोवीस डिसेंबरची आहे. ती चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

परत आल्यावर मी थेट राशन दुकानदार शेषेरावांकडं गेले. मला बघताच ते खुर्ची सोडून उठले. म्हणाले, "ताई, मला चोर समजू नका. भर दुपारी शटर ओढून जेवत बसलो होतो. बंद दुकानात मशीन आपल्या आपण बोललं, अंगठा जुळला म्हणून. काचेवर बघतो तर ओला चिखल." मी त्यांना चोर समजले नाही. कारण तांदूळ आमच्याच दाराआड पोत्यात भरलेला होता, आणि पोत्याच्या तोंडाला अप्पांची ती उलटी गाठ होती. ती बांधायला दोन हात लागतात. दुसरा कोणाचा, हे घरात अजून कोणी विचारलं नाही. अव्वानं भात टाकला. थोडा मातीचा वास येतो. अव्वा म्हणते, नवा तांदूळ असाच असतो.

पंचाक्षरी स्वामींना विचारलं. ते म्हणाले, "उभा ठेवलाय तर तो उभाच ऱ्हाणार. निजू देत न्हाईत, मग बसून काय करल? कामच करल. ज्यानं बसवायला सांगितलं, त्यानंच त्याला निजवावं." मी हे अप्पांना सांगितलं. वर्षभर हातासाठी ज्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं, ते अप्पा बाहीत तोंड घालून रडले. "मी ओट्यावर बसून ऱ्हातो अन् त्यो एकटा राबतो. त्याला कोणत्या तोंडानं बस कर म्हणू, पोरी?" याचं उत्तर तुम्ही मला कधी शिकवलं नाहीत.

वहिनींना आणि लहानांना आशीर्वाद सांगा, म्हणजे मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. (खोडत नाही, खाडाखोड तुम्हाला आवडत नाही.)

तुमच्या लाल शाईला अजून भिणारी भाची,
शिवलीला

ता. क. खरं काम असं. गावात शाळा नव्हती तेव्हा तुम्हीच अप्पांना ओसरीवर बसवून शिकवलंत, आणि पुढं मलाही. अप्पा सांगतात, उत्तर येवो न येवो, ते हात वर करून बसायचे, आणि तुम्ही "हात खाली, शंकर" म्हटल्याशिवाय तो खाली यायचा नाही. त्या हातानं जन्मात फक्त तुमचंच ऐकलंय. तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगू नका. मुखेडहून इकडं यायला सकाळची एस.टी. आहे.

ता. क. दुसरा. अप्पांना डाव्या हातानं सही येत नाही, म्हणून त्यांनी खाली डावा अंगठा उठवलाय. मी गोंद आणायला आत गेले आणि आले, तर शेजारी दुसरा होता, चिखलाचा. डाव्यापेक्षा सरळ आलाय. मी पुसला नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हाताला निजवायला अप्पा एका अटीवर तयार झालेत. आधी त्याला पोटभर जेवू घालायचं, मगच सांगायचं. येळवशीच्या अमावस्येला आपल्याकडं सगळं शिवार जेवतं, तेव्हा शेतातल्या कडब्याच्या कोपीतल्या पूजेनंतर त्याचंही पान लिंबाखाली मांडीन. भज्जी, उंडे, आंबील, सगळं. तो जेवणार कसा याचा विचार मी करत नाही. पान रिकामं झालं की तुम्ही बोलायचं. तुम्ही आला नाहीत, तर तुमच्या आवाजात मीच बोलणार आहे. येळवस शुक्रवारी आहे, एकोणीस डिसेंबरला.