झुंबरबाई कोणाची?

बुलढाणा,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप राजकुमारदादास,
पुष्पांजलीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नको, सारे खुशाल आहेत. तू मले फोनवर ब्लॉक करून ठेवलं. वंदनावहिनीचा फोन लावला तं तोही तूच उचलते आन् कट करते. मंग सख्ख्या भावासंग बोलाले पोस्टाशिवाय काही राह्यलं का? पोस्टमनले तं तू ब्लॉक करू शकत नाहीस.

तू काऊन रुसला ते मले ठाऊक आहे. आपल्या कार्यक्रमातली झुंबरबाई सासू आबांनी स्टेजवर उभी केली, आबांचे गुडघे गेल्यावर तू लुगडं नेसला, आन् जत्रा म्हण, लग्न म्हण, गणपती म्हण, सासू म्हणजे राजकुमार दुसरबीडकर असं नाव झालं. मी तुझी सून, फक्त शिव्या खाणारी. सिनेमावाले तुलेच पाहाले आले होते हेही खरं. पण डायरेक्टर श्रेयस सर म्हणे, कॅमेरा जवळ गेला की ओठावरची मिशीची हिरवी झाक दिसते, आन् आता बाईचं काम बाईनंच करावं. मी हो-नाही म्हणायच्या आत आबांनीच हो म्हणून टाकलं. त्याले मी काय करू?

आता खरी अडचण ऐक. इथं शूटिंग सुरू असतानी कोणी हसतच नाही रे! हसलं का आवाज रेकॉर्ड होते म्हणून साऱ्यायले गप उभं राहावं लागते. चहावाला तोंडात रुमाल कोंबून उभा असते. मी बोलते आन् समोर स्मशानशांतता. पहिल्या दिवशी मेकअपच्या खोलीत जाऊन रडली.

येत्या शुक्रवारी आपला रडायचा प्रवेश आहे. सासू सुनेले म्हणते, मी मेल्यावर रडशील ना, मंग आत्ताच रडून दाखव, मेल्यावर मले चुका काढता येणार नाहीत. तिथं लोक मांडव फुटेस्तोवर हसतात. तू हशा पुरा विझू देते, आन् मंग हळूच म्हणते, माझी सासू गेली तवा मले रडू आलं नव्हतं बाई, आता रोज येते. त्यावर बायका पदर डोळ्याले लावतात. पण इथं हशाच नाही तं मी किती थांबू? हे तुझ्याशिवाय कोणाले विचारू?

आबांले नमस्कार. तुझा राग ओसरला नसला तरी दोन ओळी येऊ दे.

तुझी,
पुष्पा

◆

दुसरबीड,
२१ जानेवारी २०२५

चि. पुष्पांजलीस,
राजकुमारचे आशीर्वाद. अनेक नाहीत, आहेत तेवढे घे.

सिनेमातल्या बाईनं आमच्यासारख्यायले पत्र लिहावं, भाग्यच म्हणायचं. गावात फाट्यावर तुझा बॅनर लागला आहे. त्याच्यावर आबांचा फोटो आहे, सरपंचाचा आहे, सरपंचाच्या साल्याचाही आहे. मी कुठंच नाही. काल दाढी कराले गेलो तं न्हावी मलेच विचारते, झुंबरबाईचं काम पुष्पाताईले जमून राह्यलं का? अबे, झुंबरबाई तुझ्यासमोर खुर्चीत बसली आहे, तोंडाले साबण लावून! पण बोलणार काय. वंदना म्हणते, जळून जळून तुमच्या अंगाले धुराचा वास येऊन राह्यला.

तू नाही म्हणून कार्यक्रम बंद पडले असं समजू नको. काकाच्या समीक्षाले सून केली. पोरगी चलाख आहे. तुझ्यावानी खांबासारखी उभी राहत नाही, मी बोललो की असं तोंड वाकडं करते का लोक लोळतात. सिंदखेड राजाले वन्स मोअर आला. तुझी आठवण कोणालेच आली नाही, मलेही नाही.

बाकी थांबायचं विचारलं तं सांगतो. बिलकुल थांबू नको. दोन्ही वाक्यं एका दमात म्हणून मोकळी हो. सिनेमात तसंच असते.

लोभ सध्या सिनेमावाल्यांकडून घ्यावा, आमच्याकडचा संपला आहे.

बॅनरवर नसलेला,
दादा

◆

बुलढाणा,
२५ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

समीक्षाचं वाचलं आन् माझं जेवणच गेलं नाही. वहिनीनं व्हिडिओ पाठवला तोही पाहिला. नरडं दाबावं वाटलं त्या पोरीचं. सुनेनं हशा खायचा नसते दादा! तू बोलला की ती तोंड वेंगाडते आन् लोक तिच्याकडं पाहतात. तुझा हशा चोरून राह्यली आन् तू तिले चलाख म्हणते? मी इतकी वर्षं खांब होऊन उभी राह्यली ते काऊन? नाकावर माशी बसली तरी हलली नाही, कारण मी हलली असती तं लोकांची नजर तुझ्यावरून हटली असती. आन् तूच मले खांब म्हणते! हेच फळ का?

तिकडं माझी जागा कोणी घेतली हे मले सहन होत नाही. सिनेमा मिळाला म्हणून ते दुखणं कमी होत नाही. हसू नको.

तुझा सल्ला वाचताच तुझी लबाडी समजली. स्टेजवर मी एका दमात म्हटलं असतं तं तू विंगेतच माझी चामडी काढली असती. म्हणून मी आधी थांबून पाहिलं. सर म्हणे, ताई, वाक्य विसरलात का? पुन्हा थांबली, पुन्हा तेच. शेवटी तुझं ऐकलं. एका दमात म्हटलं. सर म्हणे, वा, हेच पाहिजे होतं. आता बोल. तू पाडाले गेला आन् मी उभी राह्यली.

सिनेमा मलकापूरले लागला की जा. तिकीट काढून जा, पास मागू नको. आन् समीक्षाले सांग, माझ्या भावाच्या हशात हात घालशील तं याद राख.

रागावलेलीच पण तुझीच,
पुष्पा

◆

मलकापूर,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. पुष्पांजलीस,
आशीर्वाद.

कापूस घेऊन मलकापूरले आलो होतो. गाडी लवकर खाली झाली, म्हणून सिनेमाले जाऊन बसलो. मुद्दाम गेलो असं वंदनाले सांगू नको. ती तसंच समजून राह्यली आहे.

तू झुंबरबाई चांगली केली. हे लिहितानी पेन दोनदा थांबला. चालणं माझं, कंबरेवर हात माझा, नाकातला सूर माझा, आन् लोक टाळ्या वाजवून राह्यले तुले. खुर्चीत बसून मी असा जळत होतो का काय सांगू. देवाशप्पथ, तुझं एखादं वाक्य पडावं म्हणून वाट पाहत होतो.

मंग तो रडायचा प्रवेश आला. तू म्हटलं, आत्ताच रडून दाखव, आन् थेटर फुटलं. माझ्या उभ्या जन्मात मले एवढा हशा मिळाला नाही. त्या हशाच्या खाली तुझे ओठ हलले. माझी सासू गेली तवा, हे कोणालेच ऐकू आलं नाही. एकालेही नाही. पडद्याले थांबता येत नाही ना. पुढचा प्रवेश सुरूही झाला, आन् ते वाक्य गेलं ते गेलंच.

तुझं वाक्य पडावं म्हणूनच मी बसलो होतो, तरी माझा जीव असा तळमळला का विचारू नको. काय हसून राह्यले बे, पुढचं ऐका, असं ओरडलो. मागून कोणी म्हणे, काका, खाली बसा. नाही बसलो. उभ्यानंच झुंबरबाईच्या आवाजात ते वाक्य पुरं म्हटलं, हळूच, आपल्या मांडवात म्हणतो तसंच. आजूबाजूच्या चार रांगा एकदम गप झाल्या. एक म्हातारी डोळे पुसाले लागली.

पुढच्या रांगेतल्या बाईनं मान वळवली. म्हणे, भाऊ, त्या सिनेमातल्या बाईचा आवाज तुम्ही हुबेहूब काढता, तिच्याकडूनच शिकले का?

मी म्हटलं, हाव, तिच्याकडूनच.

लोभ आहे, पण अजून जळका आहे. तसाच गोड मानून घे.

तुझा दादा,
राजकुमार