सीनियर डेची पैठणी

उदय,

निहार त्याच्या एजंटला घेऊन सातला जेवायला येतोय. भाजी फ्रिजमध्ये आहे, भात तू लाव. मी ह्यूस्टनला राधिकाताईकडे निघालेय. फोन करू नकोस, उचलणार नाही.

आज दुकानात शोभनाताईंनी मला मिठीच मारली. "अगं, तुमचा क्वार्टरबॅक निहार कॉलेज अर्धवट सोडून प्रो फुटबॉल खेळायला, एनएफएलच्या ड्राफ्टला निघाला आणि तू बोलली पण नाहीस!" मी "हो ना" म्हटलं आणि कोथिंबीर निवडत राहिले. गाडीत बसून निहारला फोन केला, तर म्हणतो, "आई, बाबांना दिवाळीपासून माहितीये. ही सेड ही विल हँडल यू."

मला हँडल करणार होतास?

डिग्रीवरून मी त्याच्याशी कडकडून भांडले असते. कदाचित हरलेही असते. पण या घरात मला भांडायलासुद्धा कुणी बोलावलं नाही.

पुढच्या वर्षी सीनियर डेला तो माझा हात धरून मैदानात येणार, शेवटच्या वर्षाची सगळी मुलं आईला तसंच आणतात, म्हणून मी येवल्याहून टीमच्या रंगाची पैठणी विणून घेतली. ते आता होत नाही. ठीक आहे.

टेलरबाईंचा फोन येईल, ब्लाउज तयार झालाय. तूच जाऊन आण. दिवाळीनंतर, थँक्सगिव्हिंगला, माप द्यायला मला तूच घेऊन गेला होतास. आणि तूच त्यांना सांगितलंस, बाह्या जरा लांब ठेवा, नोव्हेंबरात मैदानावर थंडी असते.

मंजिरी