बुटातले तेरा रविवार

१ मार्च २०२५, शनिवार. सकाळी ११.
निदान झालं. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. म्हणजे आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटतं. नाव भारदस्त, तक्रार साधी. सकाळी उठलं की चवड्याखाली गोटे ठेवल्यासारखं वाटतं. जयनगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी लिहून दिल्या. बुटात घालायचे इनसोल, आणि दर रविवारी एक गोळी. इनसोलने पायाला आराम पडेल, रोग मात्र गोळीच आवरेल, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा मला, एकदा प्रमोदिनीला. बायकोला सांगायची काही गरज नव्हती.
मी छत्तीस वर्षं विमानांचे पंख तपासले. भार कुठे पडतो, तडा कुठे जाणार, हा माझा विषय. पायाचा प्रश्नही भाराचाच. भार नीट वाटला की प्रश्न संपला.
संकल्प: २ जूनच्या आत ठणठणीत. त्या सोमवारी अमृता व्हाइटफील्डच्या ऑफिसात पुन्हा रुजू होणार आणि प्रांजली दिवसभर आमच्याकडे. तीन महिन्यांची नात, हुशार आहे. पाळणाघराचं नाव काढायचं नाही, असं लेकीला बजावलंय.

२ मार्च, रविवार.
गोळीसोबतचा कागद भिंगातून वाचला. लिव्हर, मळमळ, केस. माझं लिव्हर सरकारी कँटीनमधून सुखरूप बाहेर आलंय, त्याला आता कशाला छेडायचं? प्रमोदिनीने बशीत गोळी आणि फुलपात्रात पाणी आणून दिलं. पाणी प्यालो. गोळी मुठीतून बाल्कनीत नेली आणि ऑफिसच्या जुन्या सेफ्टी बुटात टाकली. कचऱ्यात टाकली असती तर तिला दिसली असती. ही फसवणूक नव्हे. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते.

८ मार्च, शनिवार.
चामराजपेटेत हंबीररावांकडे गेलो. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठी त्यांची निम्मी कन्नड. बूट आणि इनसोल स्वतः बनवतात. मी दोन रात्री बसून माझ्या तळव्याचा भाराचा नकाशा काढून नेला होता. त्यांनी तो उलटा करून जमिनीवर पसरला, त्यावर माझे पाय ठेवले आणि पेन्सिलीने कड काढून घेतली. स्वल्प जाड कागद आणलात, बरं झालं, म्हणाले.

१५ मार्च.
इनसोल आले. कमानीला आधार, चवड्यामागे मऊ उंचवटा. लालबागेत दोन फेऱ्या मारल्या. गोटे जवळजवळ गायब! प्रमोदिनीला म्हटलं, बघ, इंजिनिअरिंग. ती म्हणाली, गोळ्यांचाही गुण असेल, दोन झाल्या ना. मी वाद घातला नाही. घालता येत नव्हता.

३० मार्च, रविवार. पाडवा.
गुढी उभारताना गाठ बसेना. सुतळी हल्ली फार गुळगुळीत येते. शेवटी प्रमोदिनीने बांधली.
पूजेला अनवाणी उभा राहिलो, पाय ठणकले. घरात इनसोलची चप्पल घालू दे, अशी मागणी केली. चर्चेअंती मंजूर, स्वयंपाकघर सोडून. देव स्वयंपाकघरातच आहेत, त्यामुळे देवही सुटले.
कडुनिंबाची चार पानं जास्त खाल्ली. पाचवी गोळी बुटात.

१२ एप्रिल.
अंगठी निघत नाही. ऊन वाढलंय हे खरं, पण उष्णतेने धातू प्रसरण पावतो, म्हणजे अंगठी सैल व्हायला हवी. तपास करावा लागेल.

२६ एप्रिल.
रक्ताचा रिपोर्ट आला. सूज दाखवणारे दोन्ही आकडे दुप्पट. याचा अर्थ शरीर झुंज देतंय. चाल उत्तम आहे. जिना धरावा लागत नाही. धरताही येत नाही नीट, कठड्याचा पाइप जाड आहे.

७ मे, बुधवार. सकाळी ९.
शर्टांची काजं लहान शिवतात. आजपासून टी-शर्ट. लोणच्याच्या बरणीचं झाकणही यंत्राने आवळलेलं असावं, तेव्हा लोणचं बंद.
सकाळी बोटं उघडायला तीन तास लागतात. सोपा उपाय काढला. गजर साडेपाचऐवजी साडेचारचा. प्रांजली साडेआठला येणार, तोवर हात तयार. प्रमोदिनीने विचारलं, इतक्या लवकर उठून अंधारात काय करता? ध्यान, म्हणालो.

१७ मे, शनिवार.
हंबीररावांकडे इनसोलची दुसरी जोडी घ्यायला गेलो. पहिलीहून सरस. बूट घातले, पण नाडी बांधता येईना. हंबीरराव खाली बसले आणि त्यांनी बांधली. मग माझा हात हातात घेऊन उलटा करून पाहिला.
“अण्णा, पायाचं मी बघतो की. हाताचं कोण बघतंय?”
चांगला कारागीर, पण आपल्या विषयाबाहेर बोलतो. घरी येईपर्यंत ऑटोत तेच वाक्य डोक्यात होतं. रिक्षावाल्याने रेडिओ लावला असता तर बरं झालं असतं.

२५ मे, रविवार.
रंगीत तालीम. अमृता सकाळी सातला प्रांजलीला घेऊन आली. ठरलेल्या वेळेआधी. मी हात पुढे केले. नात आली, बोटं मिटली नाहीत. ती सोफ्यावर पडली. पडली नव्हे, टेकली. खाली फरशी होती हे खरं, पण सोफा मध्ये होता. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली.
अमृताने तिला उचललं आणि जाईपर्यंत खाली ठेवलं नाही. चहाही एका हाताने प्याली. मी म्हटलं, मूल हल्ली फार वळवळतं.
तेरावी गोळी. हात बुटापर्यंत गेला आणि थोडा वेळ तिथेच राहिला. मग टाकली.

२८ मे.
डॉक्टरीणबाईंनी हाताचा एक्स-रे दाखवला. दोन बोटांच्या हाडांची कड कुरतडल्यासारखी. त्यांनी विचारलं, गोळी नियमित चालू आहे ना? माझ्याआधी प्रमोदिनी म्हणाली, एकही रविवार चुकला नाही, मी स्वतः देते.
मग गोळी लागू पडत नाही असं समजून त्यांनी ती थांबवली. पुढच्या आठवड्यापासून जोरकस इंजेक्शन. गेलेलं हाड परत येत नाही, असंही म्हणाल्या.
एक्स-रेचा अँगल चुकला असणार. तडा आत सुरू होतो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो, हे मीच ट्रेनींना शिकवायचो. पण ते पंखांबद्दल.

३० मे.
पेन जड. उद्या पातळ आणणार.

२ जून, सोमवार.
सांगतोय मी, लिहितेय प्रमोदिनी. पातळ पेनही बोटांत राहत नाही. वहीतलं कोरं पान शोधायला तिला पाऊण तास लागला. मग ती बाल्कनीत गेली, सेफ्टी बूट घेऊन आली आणि टेबलावर उपडा केला. गोळ्या एका ओळीत मांडल्या. तेरा.
इनसोल उत्तम चालले आहेत, पायाची तक्रार नाही, एवढं लिही, म्हटलं. तिने लिहिलं.
प्रांजली आजपासून पाळणाघरात. अमृताने तसं फोनवर प्रमोदिनीला सांगितलं, मला नाही. हेही लिही म्हटलं.
पुढे काय लिहू, असं मी विचारलं. मी म्हणजे प्रमोदिनी. त्यांनी गोळ्यांकडे बघितलं. मग म्हणाले, हात दुखतात, असं लिही.