साहित्य : एक आत्या

प्रिय माधुरीवन्सं,

फोन तुम्ही उचलत नाही आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवता, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. सुयोगच्या हाती पत्र देतेय. डब्यात शिरवाळ्या आणि नारळाचा रस आहे, घशाला मऊ पडेल. आधी खा, मग वाचा, कारण वाचताना हसाल आणि ठसका लागेल.

तुमच्या भाचीने तुम्हाला सहामाहीच्या पेपरात घातलंय, तेही सायन्सच्या. भाविका टीचरनी मला शाळेत बोलावलं तेव्हा वाटलं, दिशाने पुन्हा कुणाचा तरी डबा खाल्ला असणार. टीचरनी पेपर पुढे सरकवला. प्रश्न होता, प्रकाशाचा वेग जास्त की ध्वनीचा, रोजच्या जीवनातलं उदाहरण देऊन स्पष्ट करा. बाकी वर्गाने विजा चमकवल्या, फटाके फोडले. आपल्या बाईसाहेबांनी लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते: 'ध्वनीचा वेग जास्त असतो. उदाहरणार्थ, माझी आत्या मुलुंडहून येते तेव्हा ती पिठाच्या गिरणीपाशी असतानाच तिचा आवाज घरी पोहोचतो. मग आई चहा ठेवते. चहा उकळतो. मग आत्या दिसते. यावरून प्रकाश मागे राहतो हे सिद्ध होते. प्रकाशाला तीन जिने चढावे लागतात आणि त्याचे गुडघे दुखत असावेत.'

खाली लाल शाईत शून्य, आणि शून्याच्या शेजारी टीचरनी लिहिलेलं, 'उत्तर चूक, आत्या झकास.' सगळ्या स्टाफरूमने ते वाचलं होतं. पीटीचे सर तर मला विचारत होते, या आत्या स्पोर्ट्स डेला हाक मारायला येतील का, आमचा माईक बिघडलाय.

मी हसत घरी आले, पण शून्य मिळालेली मुलगी गाल फुगवून बसलेली. म्हणे, खोटं काय लिहिलं सांग. आता काय सांगणार? लग्न होऊन जोगेश्वरीत आले तेव्हापासून मी तेच बघतेय. गिरणीच्या वळणावरून तुमचं 'मीरा गो, चाय ठेव' ऐकू आलं की पातेलं गॅसवर. पहिल्यांदा मी दचकून पदर सावरत दारात जाऊन उभी राहिले होते, आणि सासूबाई आतून म्हणाल्या होत्या, बस गं, ती अजून खाली भाजीवाल्याशी भांडेल, मग येईल. तळमजल्यावरची सोनूबाई तर तुमच्या हाकेवर स्वतःचाही चहा टाकायची. परवा मला म्हणाली, तुझी नणंद येत नाही, माझा चारचा चहा राहून जातो.

टीचरनी दिशाला दुसऱ्या दिवशी नीट समजावलं. प्रकाश सरळ जातो, वळणावरची भिंत आली की अडतो, आवाज मात्र वळून, भिंतींवर आपटत जिन्यातून वर येतो. म्हणजे आत्या आधी ऐकू येते हे खरं, कारण तेवढं चुकलं. आणि म्हणाल्या, हेच विज्ञान प्रदर्शनात करून दाखव. झालं, पोरीने तक्ता रंगवायला घेतला. साहित्याखाली लिहिलंय: एक जिना, एक पातेले, एक आत्या.

सुयोगने तुमच्या जागी उभं राहून बघितलं. गिरणीपाशी जाऊन ओरडला तर गिरणीवाल्याने त्यालाच विचारलं, गहू की ज्वारी. वर आम्हाला काही ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, ताईचा जुना व्हॉइस मेसेज लावू स्पीकरवर. दिशाने बापाकडे असं बघितलं की त्याने फोन परत खिशात टाकला. रेकॉर्डिंग जिना चढून येत नाही बाबा, म्हणाली.

वन्सं, ऑपरेशन होऊन गाठ निघाली, रिपोर्ट चांगला आला, आपण सगळे पेढे खाल्ले. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, आवाज बोलून बोलूनच परत येईल. आणि तुम्ही एकदा लिहिलंत, हा माझा आवाज नाही, बिघडलेला मिक्सर आहे, त्यानंतर बोलणंच बंद. गणपतीला आला नाहीत. आरती आम्ही म्हटली, पण वरची पट्टी कुणाला लागेना. मी तेव्हा काही बोलले नाही. म्हटलं, तुमचा घसा, तुमची मर्जी. आता मात्र पोरीचा प्रयोग अडलाय.

म्हणून हे पत्र. रविवारी या. दिशाच्या तक्त्यावर आवाज कसा हवा ते कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचून बघितलं. घोगरा चालेल, फाटका चालेल, आधी पोहोचला की झालं. गिरणी रविवारी बंद असते, आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही सगळे कान लावून बसणार आहोत, सोनूबाईसकट. पातेल्यात पाणी, आलं, साखर घालून ठेवीन. गॅस मात्र तुमची हाक आल्याशिवाय पेटवणार नाही.

तुमच्या हाकेवर चहा ठेवणारी,
तुमचीच
मीरा