नवऱ्याचं नाव सांगत नाही

नागपूर, रविवार

चिरंजीव गोविंदा,

तुले न् घरच्या समद्यायले थोरल्या बहिणीचा पोटभर आशीर्वाद.

बापू, आईचा कागद सापडला! 'कागद आणा, मंग स्मारकाच्या दगडावर नाव कोरतो' म्हणणाऱ्या सरपंचाले आजच सांग. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला.

चूक आपलीच होती. जंगल सत्याग्रहात सरकारी रानातलं गवत कापून आई तुरुंगात गेली, अन् आपण तिले इतकी वर्षं धुंडलं दौलतरावाची बायको म्हणून. इथल्या जुन्या सरकारी कागदायच्या दप्तरातली पोरगी हसून म्हणे, "आजी, त्या काळच्या बाया नवऱ्याचं नाव घेत होत्या का?" म्या कपाळावर हात मारला. आईनं उखाण्याबिगर बाबाचं नाव कधी घेतलं होतं!

मंग आजोबाच्या नावानं पाहलं, तं लगेच भेटली. लिहिलं आहे: 'बायजा, बाप सखाराम, वय अठरा. गवत कापल्याचं कबूल. नवऱ्याचं नाव सांगत नाही.' वाचून हसू आलं, अन् मंग डोळे पुसत बसली.

गुडघे जरासे कुरकुरतात, पण लिफ्ट आहे, फिकीर नको. तुह्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना? सूनबाईचे दिवस भरत आले, तिले शेतात धाडू नको.

सरपंच म्हणन, नावापुढं बाबाचं नाव लावा. म्हणू दे. तवाच्या इंग्रज सरकारच्या साहेबानं दरडावूनही आईनं जे सांगितलं नाही, ते आपण कोरायचं नाही. 'बायजा सखाराम' एवढंच कोरा.

तुही अक्का,
चांगुणा