उड्या मारून घेतलेला वॉकमन

कळवा, शनिवार, १४ डिसेंबर १९९१

सकाळी धावताना ऐकायला आज कल्याणला वॉकमन घेतला. ह्यांना रेडिओवाला, चकचकीतच हवा होता. मी म्हटलं, आधी हलवून बघू. दोन वॉकमन आळीपाळीने साडीच्या कमरेला खोचले आणि दुकानातच उड्या मारल्या. हे पुटपुटले, "अगं, लोक बघतायत." बघू देत ना. चकचकीतमधलं गाणं प्रत्येक उडीला रेंगाळायचं, बाईचा आवाज पुरुषासारखा व्हायचा. जाडा, काळा मात्र नीट गात राहिला. तोच घेतला. घरी येताना माझं मलाच नवल वाटलं. मला लाज कशी वाटली नाही? उद्या मैदानावर तर साडीही नाही, पंजाबी ड्रेस. सासूबाई दारातूनच म्हणतील, लोक बघतायत. म्हणू देत. माझ्या कानात हेडफोन असेल.