बावीस ईदांची माफी

मी, वुर्यानी, दिवंगत तुकिरान यांची मुलगी, वय चोपन्न, धंदा सफरचंदाची बाग, पूर्वीचा धंदा डोंगरउतारावरच्या सायकलशर्यती, राहणार सुंबरवुनी, बातू, पूर्व जावा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण असलेच तर छातीत आहे, आणि छाती माझीच आहे. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची, म्हणजे आमच्याकडे नोव्हेंबरपर्यंतची, मुदत दिली आहे. बाई रागाच्या भरात लिहून गेली असे उद्या कोणी म्हणेल, म्हणून नमूद करते की राग मला आहेच, पण बुद्धीही शाबूत आहे. शर्यतीत दोन्ही एकाच वेळी लागत असत, त्यामुळे सवय आहे.

आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी 'पाक' लावतात. या कागदात मी स्वतः हर्जितो याच्या नावाआधी तो शब्द लावणार नाही. ती लिहिण्यातली चूक समजू नये.

कलम १. राहते घर मी माझा थोरला भाऊ सुतेजो यास देते. कायद्याने बरेच काही त्याच्याकडे जाते. बाकीच्या कलमांना त्याने कुरकुरत का होईना, संमती दिली आहे. याच भावाने माझी पहिली सायकल मला न विचारता विकली होती. त्या सायकलला ब्रेक नव्हते. बागेतून सफरचंदांच्या दोन टोपल्या लादून मी बाजारात उतरायची, आणि थांबायचे असले की रबरी चपलेचा तळवा मागच्या चाकावर दाबायची. मी उतार शिकले ते तिच्यावर. म्हणून घराबरोबर त्याला माझी जुनी चपलांची जोडीही देते. तळवे बघावेत आणि काय विकले ते समजून घ्यावे.

कलम २. पदके, चषक आणि, मोडलेली हाडे सोडून, शर्यतीत मिळालेले बाकी सर्व काही माझी भाची किनासी, सुतेजोची मुलगी, हिला. तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद, मलेशियात एक पहिला क्रमांक, फिलिपिन्समध्ये वाकड्या चाकावर मिळवलेला एक दुसरा. तेव्हा बायकांची शर्यत भल्या पहाटे, दव सुकायच्या आत उरकून टाकत, म्हणजे पुरुषांना कोरडी वाट मिळे. आम्ही चिखलावरून उतरून त्यांच्यासाठी वाट मळून ठेवायचो. याबद्दल कोणाचे आभार मानायचे राहून गेले असतील तर ते राहू द्यावेत.

कलम ३. हे कलम लांब आहे, आणि मृत्युपत्र मुख्यतः याच्यासाठी केले आहे.

२००३ च्या राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी आमच्याच डोंगरावर होती. हर्जितो आमच्या संघाचा व्यवस्थापक होता. मेकॅनिक होता माझा तेव्हाचा नवरा गियोनो. पात्रता फेरीत मी पहिली आले होते, त्यामुळे अंतिम फेरीत सर्वांत शेवटी सुटणार होते. जावात जो तो मोटरसायकलवर वाढतो. तिचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, म्हणून आम्ही सायकललाही पुढचा ब्रेक उजवीकडे आणि मागचा डावीकडे ठेवतो. एवढ्या वेगात डोके विचार करत नाही, हातच करतात.

त्या दिवशी सायकल ट्रकमधून वर आली ती उशिरा. मी बसले आणि सुटायची घंटा वाजू लागली. सुरुवातीच्या पट्ट्यात नुसते पायडल मारायचे असते. पहिला ब्रेक लागतो तो दगडी पायऱ्यांच्या तोंडाशी. मागचे चाक सरकवायला मी डावा हात आवळला, पुढचे चाक जागच्या जागी थांबले, आणि मी हँडलवरून दगडांवर गेले. कंबर मोडली, खांदा मोडला.

शुद्धीवर आल्यावर मी पहिले वाक्य बोलले ते ब्रेक उलटे होते हे. हर्जितोने सायकल थेट इस्पितळात, माझ्या खाटेपाशी आणवली. माझी बोटे धरून त्याने लिव्हर दाबून दाखवला.

"बघ बाळ, उजवा पुढचा, डावा मागचा. बरोबर आहे ना? डोक्याला मार लागलाय तुझ्या. घाबरलीस, उलटा हात दाबलास. होतं असं."

वर्तमानपत्रवाल्यांना त्याने सांगितले, "बाईमाणूस शेवटी. अवघड जागा आली की हात गोंधळतात."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. हे लिहिताना आजही अंगाचा तिळपापड होतो. लिव्हर बरोबर होते, ते मी स्वतः दाबून पाहिले होते, तेव्हा चूक माझ्या हातांचीच असणार. मी पुन्हा शर्यतीत उतरले नाही. गियोनो माझ्या नजरेला नजर देईनासा झाला. मला वाटले, त्याला माझी लाज वाटते. वर्षभरात त्याने तलाक दिला, तोही मी मुकाट्याने घेतला. बागेत फांद्या छाटतानासुद्धा मी माझ्या हातांकडे संशयाने बघत आले. बावीस वर्षे.

यंदा ईदेला गियोनो आला. साखरेच्या आजाराने त्याच्या पायाची बोटे गेली आहेत, तरी रीतीप्रमाणे खाली बसला, हात जोडले, आणि शरीराने-मनाने जे चुकले ते माफ कर म्हणाला. मीही रीतीप्रमाणे माफ केले आणि माझेही चुकले असेल ते माफ करा म्हणाले. मग बिस्किटांच्या बरणीत हात घालत तो म्हणाला,

"ब्रेकचं तू तेव्हाच माफ केलंस, वुर, म्हणून मी माणसांत राहिलो."

"कसलं ब्रेकचं?"

"ते उलटे बसवलेले. कंपनीचे नवे."

"कोणी बसवले उलटे?"

"मीच की. पण पाक हर्जितोंनी तुला सांगितलं ना? त्याच वर्षी, ईदेला. मला म्हणाले, सांगितलं मी, तिनं माफ केलं, आता पुन्हा विषय काढू नकोस, तिला त्रास होतो."

मी बरणीचे झाकण लावले आणि त्याला सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. ब्रेक बनवणाऱ्या परदेशी कंपनीची माणसे त्या दिवशी फोटो काढायला आली होती. त्यांना माझ्या सायकलवर त्यांचेच ब्रेक हवे होते. ते त्यांच्या देशाच्या रीतीने आले होते, पुढचा डावीकडे. गियोनो म्हणाला, बाजू बदलायला वेळ लागेल, निदान तिला सांगतो. हर्जितो म्हणाला, "सांगितलंस तर ती सुटायचीच नाही, आणि ही माणसं पुन्हा यायची नाहीत." मला स्ट्रेचरवरून नेल्यावर त्यानेच गियोनोला तंबूत बसवून ब्रेकच्या बाजू बदलायला लावल्या.

कलम ४. ईदेला माणसे एकमेकांची ढोबळ माफी मागतात आणि ढोबळ माफी देतात. हर्जितो दर ईदेला चार माणसे घेऊन माझ्या ओट्यावर आला, हात जोडून गोड हसला, आणि दर वेळी मी त्याला माफ केले. काय माफ केले ते त्याला माहीत होते, मला नव्हते. सबब २००३ पासून आजपर्यंत हर्जितो यास दिलेली प्रत्येक माफी मी या कलमान्वये परत घेते. दिलेली माफी परत घेता येते का, हे मी गावच्या इमामांना विचारले. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून सांगितलेले नाही. ते सांगेपर्यंत हे कलम लागू समजावे.

कलम ५. गियोनोलाही मी माफ केलेले नाही. पण त्याने, चुकून का होईना, नाव घेऊन गुन्हा सांगितला, म्हणून माझ्या हत्यारांचा डबा त्याला देते. अट एकच. किनासी जिथे जिथे शर्यतीत उतरेल तिथे त्याने वर चढून जावे, सुटण्याआधी सायकल तिच्या हातात द्यावी आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे, "उजवा पुढचा, डावा मागचा." पाय दुखत असतील तर ट्रकमधून जावे.

कलम ६. खालची बाग किनासीला. शर्यतीचा शेवटचा उतार आणि समाप्तीची रेषा याच बागेत आहे. ती वगळली तर शर्यत थेट ओढ्यात संपते. हर्जितो पुढच्या वर्षी तिथे स्वतःच्या नावाचा चषक भरवणार आहे, कमानीचे कापड आत्ताच रंगवूनही झाले आहे. माझी अट अशी: बागेतून कोणीही, केव्हाही, कोणाचीही शर्यत न्यावी, हर्जितोची सोडून. त्याला न्यायची असेल तर त्याने समाप्तीच्या रेषेवर, सगळ्या खेळाडूंसमोर, माइक हातात घेऊन सांगावे की ब्रेक कोणासाठी बसवले, मागून कोणी बदलायला लावले आणि वर्तमानपत्रांना काय सांगितले. माफ करा एवढ्यावर भागणार नाही.

हे मी किनासीला वाचून दाखवले. ती मला बूलिक म्हणते, म्हणजे धाकटी आत्या.

"म्हणजे बूलिक, तू जाणार आणि भांडण मी चालवायचं."

"हो."

"मी त्यांच्याच संघात आहे. हा चषक जिंकला तर राष्ट्रीय संघात जाते मी. ते बोललेच नाहीत तर?"

"तर तू स्वतः भरव शर्यत. लोक उतार बघायला येतात, हर्जितोचं तोंड बघायला नाही."

"तुला बोलायला काय जातंय."

खरे होते. दुसऱ्या दिवशी ती मला मोटरसायकलवर बसवून दगडी पायऱ्यांपाशी घेऊन गेली. शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही उतार पायी चालून बघतो, तशी ती त्या पायऱ्या खाली उतरली, वर चढली, पुन्हा उतरली.

"बूलिक, इथे घाबरण्यासारखं काय आहे?"

"काहीच नाही."

"मग तू..."

"मी घाबरले नव्हते."

हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. किनासी खाली बसून रडली, मग नाक पुसून म्हणाली, "राहू दे अट." तिची संमती सोबत जोडली आहे. माझ्या मृत्यूपर्यंत तिने हे बाहेर बोलायचे नाही असे ठरले आहे, आणि गियोनोला व सुतेजोला मी तशी तंबी दिली आहे.

कलम ७. साक्षीदार. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त सही होताना पाहायचे असते. आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याची साक्ष चालत नाही. हे ऐकून शेजारच्या स्रियातुनने विचारले, "म्हणजे तुझा भाताचा कुकरसुद्धा नाही?" नाही म्हटल्यावर पाच मिनिटे रुसली, मग तयार झाली.

दुसऱ्या साक्षीदाराला मी फोन केला.

"पाक, एका कागदावर सही हवी होती." तोंडाने म्हणावे लागते.

"कसला कागद गं?"

"मृत्युपत्र."

"असं अभद्र बोलू नये. बाग कोणाला दिलीस?"

"किनासीला."

"उत्तम. म्हणजे घरातच राहिली. शुक्रवारी नमाजानंतर येतो. कॉफी करून ठेव."

गावात कोणाचाही कागद असो, एक सही हर्जितोची असते. तो कधी वाचत नाही; वाचायला चष्मा लागतो, आणि चष्म्यात तो म्हातारा दिसतो. मी गेल्यावर तो म्हणेल की तिच्या डोक्याला तेव्हाच मार लागला होता. म्हणून त्याला या मृत्युपत्रात काडीही ठेवलेली नाही, म्हणजे त्याची साक्ष कोणत्याही कोर्टात टिकेल.

स्थळ: सुंबरवुनी, बातू.
दिनांक: १३ जून २०२५, शुक्रवार.

(सही) वुर्यानी

आम्ही खाली सह्या करणारे असे लिहून देतो की, वुर्यानी यांनी वरील सही आमच्यादेखत केली. त्या वेळी त्यांचे डोके ठिकाणावर होते, त्या कशालाही घाबरलेल्या नव्हत्या, आणि त्यांचा हात चुकलेला नाही.

साक्षीदार:
१. (सही) स्रियातुन
२. (सही) हर्जितो